कातळावर कुंपण: दर ठरवण्याआधी जमीन खणून पाहा

ठाण्यात राहून मुरबाड, शहापूर किंवा वांगणीच्या बाजूला थोडी जमीन राखणारी बरीच कुटुंबे माझ्या ओळखीची आहेत. कुणाची जमीन वडिलोपार्जित आहे, कुणी ती नोकरीतल्या शिलकीतून घेतली आहे, आणि जवळपास प्रत्येकाच्या बोलण्यात कधी ना कधी कुंपणाचा विषय येतो. तो आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "रनिंग फुटाला काय भाव चालला आहे?" आमच्या मुरबाडच्या जमिनीला कुंपण घालून घेतल्यानंतर आणि आजूबाजूची कितीतरी कुंपणे उभी राहताना व आडवी होताना पाहिल्यानंतर माझे मत पक्के झाले आहे. खडकाळ जमिनीत पहिला खड्डा खणण्याआधी सांगितलेला भाव हा भावच नसतो. जो ठेकेदार आधी पहार मागतो आणि मग आकडा सांगतो, त्याच्याशीच पुढचे बोलणे करावे.

असे का, हे समजण्यासाठी आपल्या जिल्ह्याची जमीन नीट पाहिली पाहिजे. ठाणे जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांतून तो तयार झाला. हे थर सारखे झिजले नाहीत. काही थर घट्ट आणि काळेकभिन्न राहिले, काही थर सच्छिद्र असल्यामुळे लवकर कुजून त्यांचा मुरूम झाला, आणि मुरुमाच्या पोटात जागोजागी गोल गोटे तसेच शिल्लक राहिले. त्यामुळे एकाच बांधावर एक खांब हातभर मातीत सहज उतरतो, त्याच्या पुढचा वीतभर खोलीवर गोट्यावर अडतो आणि त्याच्या पुढच्याला तर सलग कातळच लागतो. उताराच्या वरच्या अंगाला माती वाहून गेलेली असते, म्हणून तिथे कातळ उघडा पडतो. खालच्या अंगाला, भाताच्या खाचरांकडे, माती खोल असते. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत खोदाईचे दर मऊ मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक, कठीण खडक असे वेगवेगळे दिलेले असतात, कारण या प्रत्येकाला लागणारा वेळ आणि हत्यारे वेगळी आहेत. सरकारी कामात जो फरक मान्य आहे, तो आपल्या खाजगी कामात मात्र एका सरसकट दरात गुंडाळला जातो आणि पुढचे बहुतेक तंटे तिथूनच सुरू होतात.

ठेकेदार शोधण्याआधीचे एक काम मात्र मालकाचे स्वतःचे आहे. सातबारा उताऱ्यावर क्षेत्र कळते, हद्द कळत नाही. भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्द कायम करण्याच्या मोजणीचा अर्ज करावा, लगतच्या खातेदारांना नोटिसा जाऊ द्याव्यात आणि भूकरमापकाने दाखवलेल्या खुणांवर त्यांच्या समक्षच दगड रोवून घ्यावेत. मोजणीचा नकाशा हाती येईपर्यंत ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊ नये. "बांध तर दिसतोच आहे" असे म्हणून काम सुरू करणारे पुष्कळ आहेत. बांध मात्र पिढ्यानपिढ्या नांगराबरोबर सरकत आलेला असतो आणि कातळात काँक्रीटने बसवलेला खांब पुन्हा काढून हलवणे हा दुप्पट खर्च असतो. हद्दीच्या खुणा नष्ट करणे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार दंडनीय आहे, म्हणून कुंपणाची ओळ हद्दीच्या दगडांच्या किंचित आत धरावी आणि ते दगड तसेच उघडे राहू द्यावेत.

याच टप्प्यावर वहिवाटीचा विचार झाला पाहिजे, आणि मला हा मुद्दा कायद्याइतकाच माणुसकीचाही वाटतो. मुरबाड आणि शहापूरच्या गावांत ठाकूर, कातकरी, वारली वस्त्यांवरच्या लोकांच्या पायवाटा आपल्या नकाशावर दिसत नाहीत, पण विहिरीकडे, खाचराकडे आणि रानाकडे जाणारी त्यांची रोजची वाट तीच असते. शहरातून आलेला मालक पहिल्याच वर्षी चारही बाजूंनी जाळी ओढतो आणि गावाशी असलेला संबंध तोडून बसतो. वहिवाटीच्या हक्काचा निर्णय संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार करू शकतात, आणि अडवलेली वाट किंवा पाण्याचा प्रवाह मोकळा करण्याची तरतूद मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ मध्येही आहे. तेव्हा वाट कुठून जाते हे लगतच्या शेतकऱ्यांना विचारून, तिथे फाटक किंवा वळणाची अरुंद वाट ठेवावी आणि ती ठेकेदाराच्या कागदावर पहिल्या दिवसापासून दाखवावी. गावातले कुणी काका "इथून आमची बैलं जातात" असे सांगत असतील तर त्यांना कागद मागण्याआधी त्यांच्याबरोबर ती वाट एकदा चालून यावे.

आता लांबीचा हिशोब. कुंपणाचा खर्च एकरावर ठरत नाही, परिघावर ठरतो. एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजेच ४३,५६० चौरस फूट. ही जमीन चौरस असेल तर परीघ सुमारे ८३५ फूट भरतो. पण वाटण्या होत होत जमिनीच्या लांबट पट्ट्या झालेल्या असतात. तेच एक एकर ६६ फूट रुंद आणि ६६० फूट लांब असेल तर परीघ १,४५२ फूट होतो. दहा फुटांवर एक खांब धरला तर पहिल्या जमिनीला साधारण ८४ आणि दुसरीला १४५ खांब लागतात. शेजाऱ्याने एकरी अमुक खर्च आला असे सांगितले तर आपला खर्च त्याच्या जवळपासही नसू शकतो, आणि वरून आपल्या १४५ खड्ड्यांपैकी निम्मे कातळात असतील तर तुलनाच संपते.

ठेकेदार कुठे शोधावा, याचे उत्तर रस्त्यावरच्या पाट्यांमध्ये सापडणार नाही. कल्याण–मुरबाड रस्त्याने जाताना किंवा किन्हवली, टोकावडे, सरळगावच्या बाजूला फिरताना दोन-तीन पावसाळे पाहिलेली कुंपणे थांबून पाहावीत. नव्या कुंपणावरून काहीच कळत नाही, कारण नवे असताना सगळीच सरळ दिसतात. जुन्या कुंपणाच्या कोपऱ्यावरच्या खांबाला हात लावून जोर द्यावा. तो हलला तर पुढे बघण्याची गरज नाही. जाळी दोन खांबांच्या मध्ये पोट काढून लोंबते आहे का, लोखंडी अँगल जमिनीला जिथे टेकतो तिथे गंजून पापुद्रे सुटले आहेत का, उतारावर जाळीच्या खालून कुत्रे जाईल एवढ्या फटी राहिल्या आहेत का, हे पाहावे, आणि मग जागेच्या मालकाला किंवा राखणदाराला विचारावे की काम कुणी केले आणि बोलणी झाल्यापेक्षा शेवटी किती जास्त द्यावे लागले. राखणदार मालकापेक्षा जास्त खरे सांगतो, असा माझा अनुभव आहे, कारण खड्डे खणताना तो तिथेच उभा असतो.

आम्ही अशा रीतीने मिळालेल्या ठेकेदारांना जागेवर बोलावले. बहुतेकांनी गाडीतून उतरून बांधावर नजर टाकली आणि आकडा सांगितला. त्यांतला एक वयस्क मुकादम मात्र सोबत पहार आणि घमेले घेऊन आला होता. त्याने कोपरे पाहिले, उताराच्या वरच्या अंगाला ठिकठिकाणी पहार मारून पाहिली आणि म्हणाला, "ताई, वरचं बघून भाव सांगितला, तर अर्ध्या कामात तुमचं-माझं भांडण होणार. एक दिवस खड्डे मारू द्या, मजुरी तेवढी द्या, काम नाही दिलं तरी चालंल." आम्ही ती मजुरी दिली आणि पुढे कामही त्यालाच दिले. चाचणी खड्ड्यांची मजुरी हा माझ्या मते संपूर्ण कुंपणातला सर्वांत फायद्याचा खर्च आहे. प्रत्येक कोपऱ्यावर एक, फाटकाच्या दोन्ही अंगांना एकेक आणि मधल्या लांब ओळीवर जमिनीचा रंग किंवा उतार जिथे बदलतो तिथे एकेक असे खड्डे घेतले, तर मुरुमात किती खांब बसतील, गोट्यांत किती आणि सलग कातळात किती, याचा बराच विश्वासार्ह अंदाज मिळतो. मग दरही तीन लिहून घेता येतात. मुरुमातल्या खांबाचा एक, गोटे काढावे लागतील त्या खांबाचा दुसरा आणि कातळात छिद्र पाडावे लागेल त्या खांबाचा तिसरा. "कातळ लागल्यास जादा" एवढेच लिहिलेला कागद कधीही स्वीकारू नये. जादा म्हणजे किती आणि कातळ लागला हे ठरवणार कोण, ही दोन्ही उत्तरे त्यात नसतात. आमच्या कागदावर आम्ही असे लिहिले होते की पहारेने आणि घणाने ठरावीक खोलीपर्यंत जाता आले नाही तर मालकाला किंवा त्याच्या माणसाला खड्डा दाखवून, खडूने क्रमांक टाकून आणि फोटो काढूनच तो खांब कातळाच्या दरात धरायचा. यामुळे ठेकेदारालाही सोयीचे झाले, कारण त्याचा कष्टाचा पैसा वादात अडकला नाही.

कातळ लागल्यावर नेमके काय करायचे, हा या सगळ्या कामाचा गाभा आहे आणि ठेकेदाराची परीक्षा इथेच होते. सात-आठ फुटी खांब सामान्य जमिनीत दीड ते दोन फूट खाली गेला पाहिजे. गोटा आडवा आला तर तो बाजूने मोकळा करून काढता येतो. त्याने खड्डा मोठा होतो, काँक्रीट जास्त लागते, पण खांब उत्तम बसतो. मऊ खडक ट्रॅक्टरवरच्या कॉम्प्रेसरला जोडलेल्या ब्रेकरने फुटतो. सलग काळ्या कातळात मात्र दोन फूट खड्डा काढण्याचा हट्ट धरणे व्यर्थ आहे. तिथे कॉम्प्रेसरच्या ड्रिलने साधारण सव्वा इंच व्यासाची दोन किंवा तीन छिद्रे फूटभर खोल पाडावीत, हवेने त्यांतली भुकटी पूर्ण उडवावी, त्यांत १६ मिलिमीटरच्या टॉर (पृष्ठभागावर उंचवटे असलेल्या) सळया सिमेंटच्या घट्ट ग्राउटने, म्हणजे छिद्रात भरायच्या मिश्रणाने, बसवाव्यात आणि त्या सळयांभोवती काँक्रीटचा चौथरा ओतून त्यात खांब उभा करावा. खांब लोखंडी अँगलचा असेल तर तो सळयांना वेल्डिंगने जोडता येतो. भुकटी न उडवता ग्राउट ओतला तर सळई कातळाला न चिकटता भुकटीच्या थरात अडकते आणि ओढ बसताच निघून येते, म्हणून या पायरीच्या वेळी तरी स्वतः किंवा आपले कुणी माणूस तिथे उभे असावे. सुरुंग लावून देतो म्हणणाऱ्याला मात्र स्पष्ट नकार द्यावा. स्फोटकांचा वापर परवान्याशिवाय करता येत नाही, खांबाच्या खड्ड्यासाठी त्याची आवश्यकताही नाही, आणि त्याने आजूबाजूचा चांगला कातळही भेगाळतो.

कष्ट वाचवण्यासाठी इथे जी लबाडी होते ती कामाच्या दिवशी पाहिली नाही तर नंतर कळतच नाही. आमच्या वाटेवरच्या एका जमिनीवर ठेकेदाराने खड्डा वीतभर गेल्यावर अँगलचा खालचा भाग ग्राइंडरने कापून टाकला होता. वरची टोके एका रेषेत आल्यामुळे कुंपण देखणे दिसत होते. पहिल्या मोठ्या पावसात माती मऊ झाली आणि जाळीच्या ओढीने ओळच्या ओळ आत झुकली. यावर एक साधा उपाय आहे. खांब उतरवून घेतल्यावर प्रत्येक खांबाच्या तळापासून दोन फुटांवर ऑइलपेंटची पट्टी मारून ठेवावी. खांब बसल्यानंतर ती पट्टी जमिनीलगत दिसली पाहिजे. पट्टी वर दिसली तर खोली कमी आहे, आणि खालून कापल्यावर पट्टी जमिनीलगत आली तर खांबाची जमिनीवरची उंची टेपने मोजून आणि पट्टीपासून तळापर्यंतचा भाग काँक्रीट ओतण्याआधी पाहून ते लगेच कळते. कातळातल्या चौथऱ्याच्या खांबांना ही पट्टी लागू होत नाही, म्हणून त्यांचे क्रमांक वेगळे नोंदवावेत.

सिमेंटचाही असाच हिशोब ठेवता येतो. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्ड्याला १:२:४ प्रमाणाचे (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट वापरले तर खांबाची जागा वजा जाता एका ५० किलोच्या गोणीत साधारण तीन खड्डे भरतात. म्हणजे १४५ खांबांना ४८ च्या आसपास गोणी लागायला हव्यात. रिकाम्या गोणी मोजून ठेवण्याची अट आम्ही आधीच सांगितली होती आणि मुकादमाने ती आनंदाने मान्य केली. काँक्रीटचा माथा जमिनीच्या किंचित वर आणि खांबापासून बाहेरच्या बाजूला उतरता ठेवून घ्यावा. कोकणपट्टीत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि खांबाच्या बुंध्याशी पाणी साचू दिले तर लोखंड नेमके तिथेच गंजते.

कुंपणाची खरी ताकद कोपऱ्यात असते. मधले खांब फक्त जाळी उभी धरतात; तारेची सगळी ओढ कोपऱ्यावर आणि फाटकाच्या खांबांवर येते. म्हणून कोपऱ्याचा खांब मधल्या खांबापेक्षा जाड असावा, त्याला दोन्ही ओळींच्या दिशेने तिरपे टेकू असावेत आणि टेकूच्या तळालाही काँक्रीट असावे. टेकू नुसता दगडावर टेकवून ठेवलेला मी पाहिला आहे. ताण दिला की तो सरकतो. लांब ओळीत दर शंभर फुटांच्या आसपास एक टेकूचा खांब घ्यावा. उतार जिथे मोडतो तिथे तर तो हवाच, कारण खोलगट भागात तार ताणली की ती खांबाला वर उचलते. एखादा कोपरा इतक्या कठीण कातळावर येतो की काहीच उतरवता येत नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या खडकाळ कुरणांवर अशा वेळी लाकडाचा किंवा तारेचा पिंजरा करून त्यात दगड भरतात आणि त्या वजनाच्या आधारावर कुंपणाची तार ताणतात. आपल्याकडे हीच गोष्ट जाड जाळीचा चौकोनी पिंजरा आणि शेतातूनच वेचलेले दगड वापरून उत्तम होते, आणि खड्ड्यांतून निघालेल्या दगडांचीही सोय लागते. कोकणातले गडगे, म्हणजे दगडावर दगड ठेवून केलेल्या बुटक्या भिंती, रचणारे हात अजून गावागावांत आहेत. ज्या जमिनीत खणता येत नाही त्या जमिनीने दगड भरपूर दिलेला असतो, तेव्हा उघड्या कातळाच्या तुकड्यावर दोन-अडीच फुटांचा गडगा रचून त्यावर काटेरी तारेच्या ओळी घेणे हा मला जाळीपेक्षाही टिकाऊ उपाय वाटतो. गडगा रचणाऱ्याला मात्र वेगळा आणि योग्य दर द्यावा, कारण ते काम कुंपणवाल्या टोळीचे नाही.

तारेविषयी थोडक्यात. तारेचा गेज नंबर जितका मोठा तितकी तार बारीक. १० गेजची तार सुमारे ३.२५ मिलिमीटर आणि १२ गेजची २.६४ मिलिमीटर असते. त्यामुळे त्याच मापाच्या जाळीचे वजन १० गेजमध्ये जवळजवळ दीडपट भरते. चेनलिंक जाळीसाठी आयएस २७२१ आणि काटेरी तारेसाठी आयएस २७८ ही भारतीय मानके आहेत. ती दरपत्रकात लिहून घ्यावीत, तार जस्ताचा मुलामा दिलेली आहे याची खात्री करावी आणि माल उतरताना व्हर्नियरने (जाडी मोजण्याच्या साधनाने) माप घ्यावे. अँगल ५० × ५० × ६ मिलिमीटरचा ठरला असेल तर तो मीटरला साडेचार किलो भरतो, म्हणजे आठ फुटांचा एक खांब ११ किलोचा झाला पाहिजे. ४० × ४० × ५ चा अँगल मीटरला तीनच किलो भरतो आणि लांबून पाहिले तर फरक लक्षात येत नाही. माल मोठा असेल तर कळंबोलीच्या लोखंड बाजारातून वजनकाट्याच्या पावतीसह घेणे आणि ठेकेदाराला फक्त मजुरीचे काम देणे परवडते. लहान कामात गाडीभाडेच जास्त होते. सिमेंटचे खांब घ्यायचे असतील तर ते ओतून किमान २८ दिवस झालेले असावेत. गाडीतून उतरवताना कडा तुटणारे खांब परत पाठवावेत.

ओहोळावरून जाणाऱ्या तुकड्याचा विचार ठेकेदार सहसा स्वतःहून करत नाही. तिथे सलग जाळी लावली की जुलैच्या पुरात पालापाचोळा आणि फांद्या तिला अडकतात, जाळीची भिंत होते आणि पाणी दोन्ही बाजूंचे खांब घेऊन जाते. ओहोळाच्या दोन्ही काठांवर टेकूचे मजबूत खांब उभे करून मुख्य कुंपण तिथे संपवावे आणि मधल्या भागात वरच्या एका तारेला लोंबणारा, पाण्याने उचलला जाईल असा हलका तुकडा वेगळा लावावा. पुरात तो गेला तरी शेकड्यांत भागते, आणि पाण्याची वाटही मोकळी राहते.

रानडुकरांमुळे अलीकडे अनेक जण झटका मशीन लावून घेतात. सौर बॅटरीवर चालणारे, थोड्या थोड्या अंतराने क्षणिक झटका देणारे प्रमाणित यंत्र वापरायला माझी हरकत नाही. मात्र खडकाळ जमिनीत त्याची एक अडचण ठेकेदाराने सांगितलीच पाहिजे. कोरडा कातळ वीज नीट वाहून नेत नाही, अर्थिंगची सळई खोल जात नाही, आणि जनावराचा पाय जमिनीवर असला तरी मंडल पूर्ण होत नाही. त्यामुळे एक तार झटक्याची आणि तिच्या शेजारची तार अर्थिंगची अशी जोडी घ्यावी लागते, आणि अर्थिंगच्या सळया जिथे ओल टिकते अशा खालच्या अंगाला नेऊन बसवाव्या लागतात. घरातल्या विजेच्या लाइनवरून कुंपणात थेट प्रवाह सोडण्याचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाला आपल्या जमिनीवर पुन्हा येऊ देऊ नये. त्याने माणसे आणि गुरे मरतात, वन्यप्राणी मेला तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा होतो, आणि रात्री पाण्याच्या पाळीला निघालेला शेजारचा शेतकरी त्याला बळी पडू शकतो. याविषयी मी कुणाशीही तडजोडीने बोलू शकत नाही.

कागदपत्रे साधी ठेवली तरी चालतात, पण ती असावीत. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर करार, सोबत मोजणीच्या नकाशाची प्रत, त्यावर फाटके, वाटा, ओहोळ आणि चाचणी खड्डे दाखवलेले, तीन दर, मालाची मापे आणि पैसे देण्याचे टप्पे. आमचे टप्पे असे होते: माल जागेवर उतरल्यावर मालाचे पैसे, सगळे खांब उभे राहून काँक्रीटवर पाणी मारून झाल्यावर मजुरीचा मोठा हिस्सा, जाळी ताणून झाल्यावर पुढचा हिस्सा, आणि दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून. शेवटच्या अटीला काही ठेकेदारांनी नाही म्हटले, आणि त्यांच्या कामावर त्यांचाच भरवसा नसल्याचे मला तिथेच कळले.

टोळीच्या माणसांविषयीही करारात एक परिच्छेद असावा. कातळ फोडणाऱ्याला डोळ्यांचा चष्मा, तार ओढणाऱ्याला चामडी हातमोजे आणि सगळ्यांना पिण्याचे पाणी व मुक्कामाची झाकलेली जागा कोण देणार, हे लिहिलेले असावे. ताणलेली काटेरी तार तुटली तर ती माघारी उसळते आणि चेहरा फाडते. कामावर इजा झाल्यास भरपाई देण्याची जबाबदारी १९२३ पासून कायद्यात आहे, आणि मालक म्हणून "ते ठेकेदार बघून घेईल" असे म्हणून हात झटकणे मला पटत नाही. चष्म्यांचा आणि हातमोज्यांचा खर्च आम्ही दरात वेगळा दाखवून दिला आणि ते वापरात आहेत का हे पाहिले.

हंगामाविषयी माझी सूचना नोव्हेंबर ते जानेवारीची आहे. तेव्हा मुरुमात ओल असल्यामुळे पहार लवकर उतरते, विहिरीला पाणी असल्यामुळे काँक्रीटवर रोज पाणी मारता येते, आणि भातकापणी झालेली असल्यामुळे शेजाऱ्याच्या शेतातून ट्रॅक्टर नेता येतो. अर्थात तेही त्याला विचारूनच. एप्रिल-मेमध्ये काँक्रीटवर मारायलाही पाण्याचा टँकर आणावा लागतो आणि ठेकेदार पावसाआधी उरकण्याच्या घाईत अनेक कामे एकदम अंगावर घेतात. हिवाळ्यात काम झाले की ऑक्टोबरमध्ये पुन्हा पूर्ण परीघ मुकादमाबरोबर चालावा, हललेले खांब आणि सैल झालेल्या ओळी क्रमांकासह लिहून घ्याव्यात, त्याने त्या दुरुस्त करून दिल्या की राखून ठेवलेले दहा टक्के त्याच दिवशी त्याच्या हातात द्यावेत, आणि त्याची हरकत नसेल तर त्याचा नंबर पुढच्या शेजाऱ्यालाही द्यावा.